नाडीची अनियमितता आणि पोटातील कळ

रात्री दुकानाचा हिशेब आटोपून घरी आलेल्या सत्तरीच्या गृहस्थांच्या पोटात अकस्मात असह्य कळ उठते. चौविहार असल्याने घरची मंडळी बेंबीवर हिंगाचा लेप लावतात, शेक देतात. पोट दाबून पाहावे तर मऊच लागते. ‘वायू धरला असेल, सकाळी पाहू,’ असे ठरते. त्या गृहस्थांना नाडी अनियमित चालण्याचा विकार असेल, तर सकाळची ही वाट जिवावर बेतू शकते.

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो. तेथे रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु तीच गुठळी आतड्यांच्या रोहिणीत अडकली, तर आतड्यांचा रक्तपुरवठा तुटतो. असे क्वचितच घडते. पण घडल्यास सुमारे निम्मे रुग्ण दगावतात. साधारण ६ तासांत आतडे मरू लागते. कळ प्रचंड, पोट मात्र मऊ, ही विसंगतीच त्याची खूण. उलटी, जुलाब होतात. शौचावाटे रक्त पडेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. सीटी अँजिओग्राफीने निदान होते व वेळेत गुठळी काढल्यास आतडे वाचते.

मुरबाडला रेल्वे नाही. शहापूरकरांनाही आसनगाव गाठावे लागते. म्हणून अशा वेळी गाडीची वाट न पाहता १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि सीटी व शस्त्रक्रियेची सोय असलेले कल्याण-ठाण्याचे रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे: ‘यांची नाडी अनियमित आहे.’ रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे की सुटली, तेही सांगावे.

गोळी सुटण्याचे कारण आपल्याकडे बहुधा व्रत असते. दिवसातून दोनदा घ्यावयाची गोळी चौविहारामुळे एकदाच घेतली जाते. अठ्ठाईत तर पूर्णच राहते. वॉरफरिन घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. चातुर्मासात पालेभाज्या बंद झाल्या की या औषधाचा प्रभाव वाढून रक्तस्रावाचे भय असते. त्या पुन्हा सुरू झाल्या की प्रभाव घटून गुठळीचे. म्हणून दोन्ही वेळी आयएनआर तपासून घ्यावा. व्रतापूर्वीच डॉक्टरांशी बोलल्यास वेळ वा गोळी बदलून मार्ग निघू शकतो.

पर्युषणाची तयारी करताना घरातील ज्येष्ठांची औषधाची डबी एकदा उघडून पाहावी.