दिलेल्या बिलाला हात लावू नका

परवा कळंब तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जुन्या बिलाची प्रत दाखवली आणि माझा संताप झाला. जून २०२१ मध्ये घेतलेला ठिबकचा संच. मूळ बिल थर्मल कागदावरचं, अक्षरं उडून कोरं झालेलं. दुकानदाराने संगणकातून नवी प्रत काढून दिली. तारीख २०२१ ची, पण पत्ता ‘जि. धाराशिव’ आणि कर ५ टक्के!

तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता. नाव बदललं सप्टेंबर २०२३ मध्ये. ठिबकवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला २२ सप्टेंबर २०२५ ला. चाळीस हजारांच्या मालाचे या माणसाने ४४,८०० रुपये भरले, पासबुकात तशी नोंद आहे. प्रत म्हणते ४२,०००. हा कागद कुठे दाखल केला तर पहिला संशय शेतकऱ्यावरच येणार.

दुकानदाराने काही लबाडी केलेली नाही. दोष सॉफ्टवेअर बांधणाऱ्याचा आहे. त्याने ग्राहकांचा एक तक्ता केला, मालाचा एक केला, आणि बिलात फक्त दोघांचे क्रमांक ठेवले. बिल छापताना पत्ता आणि कराचा दर त्या-त्या तक्त्यातून आजचा उचलला जातो. एक माहिती एकाच जागी ठेवा, हे कॉलेजात शिकवतात आणि ग्राहकाच्या चालू पत्त्यासाठी ते बरोबरच आहे. पण बिल म्हणजे त्या दिवशी झालेला व्यवहार. तो बदलत नाही.

हे आपल्या तलाठ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सातबाऱ्यावर जमीन विकली गेली की जुन्या खातेदाराचं नाव पुसून टाकत नाहीत. त्याला कंस होतो, नवं नाव चढतं आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६ उघडला की कोणी, कधी, कशाच्या आधारे बदल केला ते सगळं सापडतं. नोंद मंजूर होण्याआधी नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. चूक झाली तरी तिची दुरुस्ती नव्या फेरफारानेच. म्हणून आजोबांच्या वेळची वाटणी आजही कोर्टात उभी राहते. सातबाऱ्यात घोळ होतात, मला माहीत आहे. पण घोळ कुठे झाला हे शोधायला वाट शिल्लक असते. परवाच्या बिलात ती वाटच नव्हती.

बिलाचा डेटाबेस असाच हवा. बिल तयार होताना ग्राहकाचं नाव-पत्ता, मालाचं नाव, भाव, कराचा दर, रक्कम हे सगळं बिलाच्याच तक्त्यांत उतरवून ठेवायचं. बियाणं असेल तर लॉट नंबरही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं; तेव्हा पावती, टॅग आणि लॉट नंबर हाच शेतकऱ्याच्या हातातला पुरावा होता. बिल क्रमांक ओळीने, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. चुकलेलं बिल पुसायचं नाही, रद्द असा शिक्का मारून ठेवायचं. रक्कम कमी करायची तर क्रेडिट नोट. जीएसटीचे नियमही हेच सांगतात: नोंद पुसू नका, आणि संगणकावर बदललेल्या वा काढलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवा. हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपायचा असतो. म्हणजे जून २०२१ चं बिल डिसेंबर २०२८ पर्यंत जसंच्या तसं निघालं पाहिजे. त्यासाठी रोजचा बॅकअप दुकानाबाहेरही हवा.

कृषी सेवा केंद्रवाल्यांना, अडत्यांना माझी विनंती आहे. हंगामाची गर्दी सुरू होण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला समोर बसवा. डेटाची वेगळी प्रत काढून तिच्यात एखाद्या मालाचा कर आणि एका ग्राहकाचा पत्ता बदलायला सांगा. मग त्याच ग्राहकाचं त्याच मालाचं गेल्या वर्षीचं बिल छापा. त्यातला एक आकडा जरी हलला, तरी दुरुस्ती होईपर्यंत त्याचे पुढचे पैसे देऊ नका.