परसबागेत तरी बियाणं आपलं असू द्या



मृग जवळ आला की परसबागेसाठी दोन सल्ले हमखास कानावर येतात. एक म्हणतो, "घरीसुद्धा हायब्रीडच लावा, उतारा जास्त." दुसरा म्हणतो, "हायब्रीड म्हणजे विष, गावरानच खा." दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. माझं मत गावरान आणि सरळ वाणांच्या बाजूचं आहे, पण कारण वेगळं आहे.

आधी विषाचं बोलू. संकरित म्हणजे जीएम नव्हे. दोन निवडक वाणांचा संकर करायचा आणि पहिल्या पिढीचं बी विकायचं, एवढंच ते काम. बीटी वांग्याला 2010 च्या फेब्रुवारीत केंद्राने स्थगिती दिली, हे तर सगळ्यांना माहीत आहे. फवारणी झाली तर औषध गावरान वांग्यावरही तेवढंच बसतं. तेव्हा गावरानाची बाजू मांडायला भीती घालायची गरज नाही.

आता उताऱ्याचं. बाजारासाठी टोमॅटो किंवा ढोबळी मिरची करणाऱ्याला एकसारखा माल, जाड साल आणि एकदम तोडा लागतो. त्याने संकरित लावलं तर मी नाव ठेवणार नाही. पण परसबागेत गिऱ्हाईक घरातलंच. एका आठवड्यात वीस किलो टोमॅटो घेऊन घरातली बाई काय करणार? तिला रोज चार हवेत, आणि जमेल तितके जास्त दिवस हवेत. झाडावरून कालवणात जाणाऱ्या टोमॅटोला गाडीत टिकणारी साल कशाला?

खरा मुद्दा बियाण्याचा आहे. हायब्रीडचं बी वांझ असतं असं सांगतात, तेही खोटं. ते उगवतं. पण पुढच्या पिढीत गुण फुटतात. एक झाड उंच, दुसरं खुजं, फळं तऱ्हेतऱ्हेची. म्हणून दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. एकरावर तो खर्च मालातून निघतो. परसात चार झाडांसाठी पाकीट फोडायचं आणि उरलेलं बी फळीवर जुनं होत पडायचं. ज्या वर्षी हात आखडता, त्या वर्षी पाकीट नाही आणि वाफाही रिकामा. पूर्वी राखेत घोळलेलं बी गाडग्यात असायचं, तेव्हा ही पाळी येत नव्हती. घरच्या भाजीची चावी बाईच्या हातात होती. ती आपणच दुकानात नेऊन दिली.

कृषी सहायक मित्र म्हणतील, "रोगाचं काय?" बरोबर आहे. गावरान म्हणजे रोग येत नाही, हा गैरसमज आहे. पण उत्तर फक्त हायब्रीड नाही. विद्यापीठांचे सुधारित सरळ वाण आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं. हळद्या रोगाला तोंड देणारी परभणी क्रांती भेंडी सरळ वाणच आहे. आज ती सगळीकडे पूर्वीसारखी टिकत नाही, पण वाट कोणती ते कळतं. आणि जमिनीत जिवाणूजन्य मर मुरली असेल तर अर्का रक्षकसारखा संकरित टोमॅटो खुशाल लावा. गरज असेल तिथे हायब्रीड, सवय म्हणून नको.

बी धरायला सोप्यापासून सुरुवात करा. वाल, घेवडा, चवळी, गवार, मेथी, टोमॅटो यांचं परागीभवन बहुतेक आपल्याच फुलात होतं, म्हणून वाण शुद्ध राहतं. वांगी, मिरची, भेंडीत मधमाशी थोडी भेसळ करते. तिथे निवडलेल्या फांदीला उमलण्याआधी जाळीची पिशवी बांधा. वेलांना हाताने पराग द्यावा लागतो. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, म्हणून नर-मादी कळ्या आदल्या संध्याकाळी बांधून ठेवायच्या. दुधी आणि दोडक्याचं फूल सांजेला उमलतं, तिथे वेळ बदला. आणि नुसतं मोठं फळ बघू नका, झाड बघा. निरोगी, जास्त दिवस धरणारं झाड बियाण्याला ठेवायचं.

गावरानच्या नावाने सुटं बी विकणाऱ्यांनाही विचारा. कुठल्या गावचं? किती वर्षं कोण राखतंय? कधी धरलं? उत्तर नसेल तर घेऊ नका. घेतलंच तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री मिळाली ती देशी बियाणं राखण्यासाठी. कायदाही आपल्या बाजूने आहे. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा आणि विकायचाही हक्क दिलाय. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही.

परसबागेची किट वाटणाऱ्यांना एकच सांगणं. पाकिटावर संकरित की सरळ ते ठळक मराठीत लिहा, आणि निदान शेंगवर्गीय बी तरी सरळ वाणाचं द्या. आणि मंडळी, या हंगामात एक तरी वाण धरा. वाल धरा. निम्मं बी घरी ठेवा, मूठभर शेजारी द्या. आपलं गेलं तर मागायला जागा राहील.