शस्त्र कोणाच्या हाती?

पेढीवर नवे गिऱ्हाईक उधारीने माल मागू लागले, की जाणता व्यापारी प्रथम त्याचे गाव, घराणे आणि बाजारातील पत यांची चौकशी करतो. रक्कम बुडू नये, एवढाच त्यामागील हेतू असतो. परंतु विकावयाची वस्तू अशी असेल, की तिच्यापायी एखाद्याचा प्राण जाऊ शकेल, तर ही चौकशी किती करावी आणि कोणी करावी? अमेरिकेत हा प्रश्न अनेक दशके धुमसत आहे. एका सामान्य नागरिकाने दुसऱ्याला आपली बंदूक विकताना घेणाऱ्याची पडताळणी सक्तीची असावी की नसावी, यावर तेथील समाज दुभंगलेला आहे.

त्या देशातील कायदे बहुधा एखाद्या आघातानंतरच पुढे सरकले. 1963 साली राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या ज्या रायफलने झाली, ती खोट्या नावाने टपालाद्वारे मागविलेली होती. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. त्याच वर्षीच्या कायद्याने बंदुकांची टपालाने होणारी आंतरराज्य विक्री रोखली आणि गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना बंदूक विकण्यास मनाई केली. 1981 साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावरील हल्ल्यात त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रॅडी कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा 1993 मध्ये संमत झाला. नोव्हेंबर 1998 पासून परवानाधारक दुकानदार ग्राहकाचे ओळखपत्र पाहतो, त्याच्याकडून अर्ज भरून घेतो आणि केंद्रीय नोंदींत त्याचे नाव तपासून घेतो. बहुतेक वेळा काही मिनिटांतच उत्तर मिळते.

हे सारे नियम व्यापाऱ्यासाठी आहेत. जो बंदुकांचा धंदा करीत नाही, केवळ स्वतःच्या संग्रहातील एखादे शस्त्र आपल्याच राज्यातील रहिवाशाला विकतो, त्याला केंद्रीय कायदा अशी पडताळणी करावयास लावीत नाही. ग्राहक अपात्र आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना, विकू नये, इतकेच बंधन त्याच्यावर आहे. परिणामी शस्त्रप्रदर्शनाच्या एकाच दालनात एका मेजावर अर्ज, ओळखपत्र आणि तपासणी. तर शेजारच्या मेजावर रोख रक्कम देऊन व्यवहार पूर्ण, असे दृश्य दिसू शकते. नियम पाळणाऱ्या व्यापाऱ्याशेजारी बिननियमाचा बाजार भरला, तर काय होते, हे व्यापारी कुटुंबांस निराळे सांगावयास नको.

या फटीची किंमत माणसांनी मोजली आहे. एप्रिल 1999 मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी 13 जणांचे प्राण घेतले. त्यांच्याकडील 3 लांब बंदुका 18 वर्षांच्या एका मैत्रिणीने शस्त्रप्रदर्शनात खाजगी विक्रेत्यांकडून घेतल्या होत्या. पडताळणी सक्तीची असती, तर आपण त्या घेतल्या नसत्या, असे तिने पुढे सांगितले. ऑगस्ट 2019 मध्ये टेक्सासच्या मिडलंड-ओडेसा भागात 7 जण मारले गेले. तेथील हल्लेखोराला 2014 मध्ये पडताळणीत नकार मिळाला होता. पुढे त्याने एका खाजगी विक्रेत्याकडून रायफल मिळविली. त्या विक्रेत्याला 2 वर्षांची कैद झाली, ती परवान्याविना बंदुकांचा धंदा केल्याबद्दल. तो खरोखरच एखाद-दुसरी बंदूक विकणारा असता, तर कायद्याने त्याला कदाचित हातही लावला नसता.

विरोधकांचे म्हणणेही ऐकण्याजोगे आहे. आजोबांची शिकारीची बंदूक नातवाला देतानाही सरकारी दार का ठोठवावे, असे ते विचारतात. सक्ती अमलात आणावयाची, तर कोणाकडे कोणते शस्त्र आहे याची यादी ठेवावी लागेल आणि उद्या तीच यादी शस्त्रजप्तीसाठी वापरली जाईल, ही त्यांची भीती आहे. गुन्हेगार प्रदर्शनांत जातच नाहीत, असेही ते दाखवून देतात. गुन्हा करताना बंदूक बाळगणाऱ्या कैद्यांच्या 2016 च्या सरकारी पाहणीत प्रदर्शनातून बंदूक घेतलेले 1 टक्क्याहूनही कमी होते. सुमारे 43 टक्क्यांनी ती रस्त्यावरील चोरट्या बाजारातून मिळविली होती.

आकडे खरे आहेत. मात्र त्याच पाहणीत सुमारे 25 टक्के कैद्यांनी ती नातलगांकडून वा मित्रांकडून मिळाल्याचे सांगितले. चोरट्या बाजारातील बहुतेक बंदुकाही एकेकाळी कारखान्यातून आणि दुकानातूनच रीतसर बाहेर पडलेल्या असतात. मध्ये कोठेतरी कोणीतरी न विचारता हात पुढे केलेला असतो. केवळ पडताळणीने हत्या घटतात, असा निर्विवाद पुरावाही अद्याप नाही. कॅलिफोर्नियातील अनुभवाच्या अभ्यासात तसा परिणाम आढळला नाही. मात्र खरेदीपूर्वी परवाना सक्तीचा करणाऱ्या कनेक्टिकटमध्ये बंदुकीने होणाऱ्या हत्या घटल्या आणि 2007 मध्ये ती अट काढून टाकणाऱ्या मिसुरीत त्या वाढल्या, असे संशोधकांना दिसून आले. तरीही सॅंडी हूक शाळेतील 20 बालकांच्या हत्येनंतर, 2013 मध्ये, प्रदर्शनांतील व जाहिरातींद्वारे होणाऱ्या खाजगी विक्रीला पडताळणी लावणारा प्रस्ताव सिनेटमध्ये 54 विरुद्ध 46 असा अडला. त्याला 60 मतांची आवश्यकता होती.

भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमाने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. येथेही खाजगी विक्रीला वाव आहे. मात्र घेणारा शस्त्र बाळगण्यास पात्र असला पाहिजे. शिवाय त्याचे नाव व पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांस किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते.

जैन श्रावकाचार याहून मागे जाऊन मुळाशी पोहोचतो. शस्त्रांचा व्यापार तर त्याने विषवाणिज्यात गणून वर्ज्यच ठरविला. त्यापलीकडे अनर्थदंडाच्या प्रकारांत 'हिंसादान' सांगितले आहे: शस्त्र, विष, अग्नी अशी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. तेथे देणारा व्यापारी आहे की शेजारी, मोल घेतले की फुकट दिले, हा भेद उरत नाही. अमेरिकेचा कायदा ज्या भेदावर उभा आहे, तोच भेद येथे गळून पडतो. बंदुकीच्या गोळीलाही तो भेद कळत नाही. वस्तू हातातून गेली, म्हणजे तिचा हिशेब मिटला असे नाही. ज्याने ती दिली, त्याच्या खात्यावर त्या वस्तूची नोंद राहतेच.