जर्मन सेनापतींची कीर्ती आणि कसोटी

सैन्याने कोणत्या परंपरेचा अभिमान बाळगावा, याविषयी जर्मन संरक्षण मंत्रालयाने २०२४ च्या जुलैत काही पूरक सूचना काढल्या. हिटलरच्या सैन्यात लढून पुढे पश्चिम जर्मनीचे सैन्य उभारणाऱ्या काही अधिकाऱ्यांच्या युद्धकौशल्याचीही त्यांत दखल होती. टीका होताच ऑगस्टमध्ये त्या मागे घेण्यात आल्या. या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे: दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सेनापती खरोखर किती थोर होते?

त्यांचे रणकौशल्य नाकारण्याचे कारण नाही. १९४० मध्ये फ्रान्ससारखे बलाढ्य राष्ट्र त्यांनी सहा आठवड्यांत नमविले. परंतु लढाई जिंकणे वेगळे आणि युद्ध जिंकणे वेगळे. रशियावरील मोहिमेचा आराखडा सेनाप्रमुखांचे मुख्य अधिकारी हाल्डर यांच्या कचेरीत सिद्ध झाला. प्रचंड अंतरे, अपुरी वाहने, शत्रूचे राखीव मनुष्यबळ यांचा हिशेब त्यात तोकडाच होता. लाखो घोड्यांवर वाहतूक सोपविलेले हे सैन्य २२ जून १९४१ रोजी रशियात शिरले आणि ३ जुलैलाच हाल्डर यांनी मोहीम जिंकल्यात जमा असल्याची नोंद दैनंदिनीत केली! हा भ्रम एकट्या हिटलरचा नव्हता.

मग सारा दोष हिटलरच्या माथी कसा गेला? युद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या इतिहास विभागासाठी जर्मन अधिकाऱ्यांनी जो वृत्तांत लिहिला, त्या कामाचे सूत्रधार हाल्डरच होते. शीतयुद्धात पाश्चात्त्यांना रशियाविरुद्धचा अनुभव हवा होता. सेनापतींना निर्दोषत्व हवे होते. आरोपीनेच निकालपत्र लिहावे, तसा हा प्रकार झाला.

कौशल्यापलीकडचाही एक हिशेब आहे. पकडलेल्या रशियन राजकीय अधिकाऱ्यांना ठार मारण्याचा १९४१ चा आदेश सैन्याच्या वरिष्ठ कचेऱ्यांतूनच निघाला. जर्मनांच्या हाती पडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी सुमारे ३३ लाख मृत्यू पावले. प्रतिभावान म्हणून गाजलेल्या मानस्टाइन यांना ब्रिटिश लष्करी न्यायालयाने १९४९ मध्ये युद्धगुन्ह्यांसाठी १८ वर्षांची शिक्षा दिली. १९५३ मध्ये ते सुटलेही.

युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये जर्मनीने सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा निधी उभारला. शस्त्रे पैशाने मिळतात. आदर्श मात्र निवडावे लागतात. कोणत्या हेतूसाठी लढावे आणि कोणता आदेश नाकारावा हे ज्यांना उमगले नाही, त्यांचे कौशल्य अभ्यासाचा विषय जरूर व्हावे, वंदनाचा नव्हे.