घरावरील सौर पॅनेलांची राखण

शेतकऱ्याच्या घरीं नवें औत आलें म्हणजे त्याचा फाळ, त्याची बैठक, त्याचे नट तो स्वतः हात लावून पाहतो आणि खंडेनवमीस त्यास हळदकुंकू वाहतो. परंतु लाख-दीड लाख रुपये खर्चून छपरावर बसविलेलीं सौर पॅनेलें एकदां वर चढलीं कीं, तोच शेतकरी त्यांच्याकडे मान वर करूनही पाहत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं केंद्र सरकारनें जाहीर केलेल्या सूर्यघर योजनेंत तीन किलोवॅट वा अधिक क्षमतेच्या घरगुती संचास ७८ हजार रुपयांचें साहाय्य ठरविण्यांत आलें. त्यामुळें खेडोपाडीं पॅनेलें दिसूं लागलीं आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. पण साहाय्य संच बसविण्यास मिळतें. तो पंचवीस वर्षें टिकविणें हें घरधन्याच्याच हातीं आहे, हें आज स्पष्टपणें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

विक्रेते पंचवीस वर्षांची हमी सांगतात, ती खोटी नसते. मात्र ती कशाची आहे हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ती असते वीज ठराविक प्रमाणाबाहेर न घटण्याची. घडणींतील दोषांची हमी निराळी व बहुधा कमी मुदतीची असते. वारा, गारा, आकाशांतील वीज व वानरें यांनीं केलेलें नुकसान सामान्यतः यांपैकीं कोणत्याही हमींत बसत नाहीं. म्हणजे ज्या संकटांचें भय आपणांस खरोखर आहे, त्यांपासून हा कागद आपलें रक्षण करीत नाहीं.

या संकटांत पहिला मान आम्ही वाऱ्यास देतों. आमच्या एका सभासदाच्या घरावरील सहा पॅनेलें वळवाच्या वादळांत सांगाड्यासह उडून गोठ्यावर पडलीं. सुदैवानें जनावरें रानांत होतीं. तपासतां असें दिसलें कीं, सांगाडा सिमेंटच्या सुट्या ठोकळ्यांवर नुसता ठेवलेला होता. स्लॅबला भोंक पाडल्यास घर गळेल, असें कारागिरानें सांगितलें आणि घरधन्यासही तें पटलें. कांच फुटली खरी, पण दोष कांचेचा नव्हता, पायाचा होता. तिरपें पॅनेल हें शिडासारखें असतें. वारा त्याच्या पोटांत शिरून त्यास वर उचलतो. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होता. म्हणून सांगाडा स्लॅबमध्यें अथवा छपराच्या मूळ कैच्यांत पक्का जखडलेला, जस्ताचा जाड मुलामा दिलेला आणि न गंजणाऱ्या बोल्टांचा असावा. भोंकांतून गळती होऊं नये याचा उपाय कारागिरास येतो. उडालेल्या सांगाड्यास उपाय नाहीं.

दुसरें संकट गारांचें. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आमचे वाचक विसरले नसतील. पॅनेलाची कांच साध्या तावदानासारखी नसून ती तापवून कणखर केलेली असते. आणि प्रमाणित पॅनेलावर २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदास २३ मीटर वेगानें अकरा ठिकाणीं मारून परीक्षा घेतलेली असते. बोराएवढ्या गारांनीं तें सहसा फुटत नाहीं. परंतु गारेचा व्यास दुप्पट झाला कीं तिच्या आघाताची शक्ति सुमारें सोळापट होते. तेथें परीक्षाही पुरी पडत नाहीं. अशा वेळीं कित्येकजण गोधड्या घेऊन छपराकडे धांवतात. हें धाडस आम्हांस मुळींच मान्य नाहीं. कडाडत्या विजेंत ओल्या छपरावर चढून पॅनेल वांचविण्यापेक्षां तें गेलेलें पुरवलें. त्याचा खरा उपाय म्हणजे घराच्या विमापत्रांत पॅनेलांचा स्पष्ट उल्लेख करून घेणें व बसविल्या दिवशींचीं छायाचित्रें जपून ठेवणें. कांच तडकलेलें पॅनेल वीज देत असलें तरी बदलावें. तडींतून पाणी शिरतें, आणि उन्हांत पॅनेलांतील वीज घरचें बटण बंद केल्यानें थांबत नाहीं. त्यास हात लावणें जिवावर बेतूं शकतें.

तिसरें नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं आणि तें बहुधा आपणच करतों. धुतांना पॅनेलावर पाय देणें, त्यावर कुरडया-पापड वाळत घालणें, भर दुपारीं तापल्या कांचेवर गार पाणी ओतणें, यांनीं आंतील पापुद्र्यासारख्या पातळ चकत्यांस बारीक तडे जातात व कांचही तडकूं शकते. या चकत्या एकीस एक जोडलेल्या असल्यानें पक्ष्याची विष्ठा, मळणीची धूळ किंवा पाचटाची काजळी एकीवर बसली तरी शेजारणींचें काम मंदावतें व झांकलेली चकती तापून जळूं लागते. धुणें तें सकाळीं, मऊ फडक्यानें आणि शक्य तर पावसाच्या साठविलेल्या पाण्यानें करावें. क्षारयुक्त बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पुढें निघत नाहींत. वानरांच्या भयानें पॅनेलावर जाळी अंथरणें म्हणजे रोज सांवली विकत घेणें होय. जाळी लावावयाची तर ती पॅनेलांच्या खालच्या फटीस लावावी, म्हणजे उंदीर तारा कुरतडणार नाहींत व पक्षी घरटीं करणार नाहींत. वारा मात्र खेळता राहिला पाहिजे.

आकाशांतील विजेसाठीं वीजरोधक व अर्थिंग हवें, हें सर्वांस माहीत आहे. पण उन्हाळ्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला तर तें निकामी ठरतें, याची आठवण कितीजणांस असते?

हें सर्व एकेका शेतकऱ्यानें करावें असें म्हणणें सोपें आहे; होणें कठीण. आमचें मत असें कीं, आपल्या संघाच्या प्रत्येक शाखेनें वायरमनचें शिक्षण घेतलेला गांवचाच एक तरुण नेमावा. त्यानें संक्रांतीच्या सुमारास, गारपिटीच्या आधीं, आणि पुन्हां मृगापूर्वीं प्रत्येक सभासदाच्या छपरावरील बोल्ट, तारा, कांचा व अर्थिंग तपासून वहींत नोंद करावी, आणि घरटी ठराविक वर्गणींतून त्यास मेहनताना मिळावा. सरकारी साहाय्यानें बसविलेल्या संचाची पहिलीं पांच वर्षें देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ती करवून घेण्यासही एकट्या शेतकऱ्याच्या शब्दापेक्षां संघाची वही अधिक उपयोगीं पडेल.

बैल आजारी पडला तर तो चारा टाकतो आणि धन्यास कळतें. पॅनेल कांहींच बोलत नाहीं. त्याचें दुखणें विजेच्या बिलांत उशिरां उमटतें. जें बोलत नाहीं त्याची विचारपूस आपणच केली पाहिजे, आणि यंदाच्या संक्रांतीपासून ती सुरू व्हावी, अशी आमची शाखाचालकांस आग्रहाची विनंती आहे.