समुद्राचा ताप आणि आपली रोवणी

राजेहो, मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत दोन ओळखीचे शेतकरी भेटले की एक प्रश्न हमखास निघतो, "औंदा पाणी कसं राहील?" उत्तर आपण आभाळात शोधतो. त्यातलं बरंचसं मात्र हजारो किलोमीटर दूर, समुद्रात असतं.

2023 आठवा. एल निनो येण्याची शक्यता हवामान खात्याने एप्रिलमध्येच सांगितली होती. ऑगस्टमध्ये देशात पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी पडला. 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. हंगामाची बेरीज शेवटी 94 टक्क्यांपर्यंत गेली. पण धानाला बेरीज नाही, वेळेवर पाणी लागतं.

समुद्राचं तापमान कळतं कसं? पाण्याच्या पृष्ठभागातून निघणारे अवरक्त किरण उपग्रह मोजतात. ढग आडवे आले की सूक्ष्मलहरींची उपकरणं कामी येतात. समुद्रात तरंगणाऱ्या यंत्रांशी हे आकडे ताडून पाहतात. 1981 पासूनची अशी रोजची नोंद आहे. इस्रोने 2022 मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-3 वरही त्यासाठी उपकरण आहे. विषुववृत्ताजवळचं मध्य-पूर्व पॅसिफिकचं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश जास्त तापून काही महिने तसंच राहिलं, की तो एल निनो.

पण एल निनो म्हणजे दुष्काळ, असं सरळ गणितही नाही. 1997 चा एल निनो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. 2009 चा त्याहून सौम्य, पण पाऊस 22 टक्के कमी. हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापला आणि पूर्व भाग थंड राहिला तर आपल्या मान्सूनला बळ मिळू शकतं. ही जोडी शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये ओळखली. शिवाय आता सगळाच समुद्र तापतोय, त्यामुळे जुनी सरासरीही पुरत नाही. म्हणून प्रामाणिक अंदाज नेहमी शक्यतेच्या भाषेतच येणार.

आपल्या शेतकऱ्याला शक्यता कळते बरं का! आवत्या टाकायचा की पऱ्हे भरायचे, हलका धान की भारी, मामा तलावाचं पाणी कधी सोडायचं, हे सगळे निर्णय तो शक्यतेवरच घेतो. फक्त माहिती त्याच्या तालुक्याची, त्याच्या भाषेत आणि रोवणीच्या आधी हवी.

आणि झालं काय? कृषी विज्ञान केंद्रांतली जिल्हा कृषी हवामान केंद्रं 2024 मध्ये देशभर बंद केली गेली. उपग्रहावर कोट्यवधी खर्च करायचे आणि शेवटच्या माणसाला समजावून सांगणाऱ्याचा पगार वाचवायचा, ही कुठली काटकसर?

मागणी साधी आहे. ती केंद्रं पुन्हा सुरू करा. मे महिन्यात प्रत्येक ग्रामसभेत पावसाचा अंदाज वाचून दाखवा, आणि मागच्या वर्षीचा किती चुकला तेही सांगा. चुकीला आपण माफ करू. पण माहिती असून ती बांधीपर्यंत आलीच नाही, याला माफी कशी द्यायची?

तुमच्या गावात हा अंदाज कोणी सांगतं का? कमेंटमध्ये लिहा.