चाळिशीवर थेंबांचा उतारा?

प्रयोगशाळेत वर्नियरचे वाचन तपासताना मी हात लांबवू लागलो, तेव्हा एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, चाळिशी लागली!" निदान अचूक होते. मराठीने या वयाला आणि या चष्म्याला एकच नाव दिले आहे, ते उगीच नव्हे.

वयाबरोबर डोळ्यातील भिंग ताठर होते. जवळचे पाहताना ते पुरेसे फुगत नाही आणि अक्षरे पुसट दिसतात. हीच वृद्धदृष्टिता. आता "थेंब घाला, चष्मा विसरा" असे म्हटले जाऊ लागले आहे. ते कितपत खरे?

मित्रहो, एक प्रयोग करा. पुठ्ठ्याला टाचणीने बारीक छिद्र पाडून टाचणी दूर ठेवा. एक डोळा झाकून, अक्षरे पुसट होईपर्यंत हे पान दुसऱ्या डोळ्याजवळ आणा. आता पान न हलवता छिद्रातून पाहा. अक्षरे रेखीव झाली, पण उजेड कमी झाला, होय ना?

पिलोकार्पीनचे थेंब मुख्यतः हेच करतात. ते डोळ्याची बाहुली लहान करतात. बाहुलीचा व्यास ४ मिलिमीटरवरून २ झाला, तर पुसटपणा निम्मा होतो, पण आत येणारा प्रकाश एकचतुर्थांशच उरतो. भिंग मात्र होते तसेच ताठर राहते. म्हणून परिणाम काही तासांपुरताच. शिवाय डोकेदुखी, रात्री वाहन चालवताना अडचण आणि क्वचित दृष्टिपटल सुटण्याचा धोका असतो.

हे औषध नवे नाही. काचबिंदूसाठी ते एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. वृद्धदृष्टितेसाठी अमेरिकेने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये अशा थेंबांना परवानगी मिळाली. पण उत्पादकाने मंजुरीपलीकडचे दावे केल्यामुळे औषध नियंत्रकांनी ती सप्टेंबरमध्येच स्थगित केली. हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. सोयीच्या वस्तूला जादू म्हणणे ही फसवणूकच.

याउलट चष्म्याचे गणित सरळ आहे. एखाद्याला ५० सेंटिमीटरच्या आतले स्पष्ट दिसत नसेल आणि त्याला २५ सेंटिमीटरवर वाचायचे असेल, तर ४ वजा २, म्हणजे २ डायॉप्टरचे बहिर्गोल भिंग पुरते. ना प्रकाश घटतो, ना रोज थेंब घालावे लागतात.

कुणाला कामापुरता चष्मा नको असेल, तर त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने थेंब जरूर वापरावेत. पण आपल्याकडे खरा प्रश्न चष्म्याला पर्याय कोणता हा नाही. साधा चष्माही न मिळालेल्यांचा आहे. आसामातील चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना चष्मे दिले, त्यांची पाने खुडण्याची गती इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. एका साध्या भिंगाने मजुरीत पडणारा हा फरक आहे!

तेव्हा आज घरी गेल्यावर पाहा. आई सुईत दोरा ओवायला तुम्हाला हाक मारते का? बाबा वर्तमानपत्र लांब धरतात का? तसे असेल, तर त्यांना नेत्रतपासणीला घेऊन जा. याच वयात काचबिंदूही चोरपावलांनी येऊ शकतो. तपासणीत तोही कळतो. आणि चष्मा लागलाच, तर त्यांना सांगा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तुमच्या सरांनाही लागला आहे.